प्रत्येक दहावं घर

सातव्या घरातल्या काकूही "आमच्याकडे पाणी चढतच नाही" म्हणाल्या, तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. एकलहऱ्याकडच्या एका कॉलनीत आमचा पाण्याचा सर्व्हे चालू होता. नियम सोपा होता, प्रत्येक दहाव्या घराची बेल वाजवायची. सहा घरांत एकच उत्तर मिळाल्यावर मी सर्व्हेच्या प्रमुख मॅडमना छातीठोक मेसेज टाकला होता, 'अख्ख्या कॉलनीत पाणी येत नाही.' तीन वाजता त्या हेच बैठकीत सांगणार होत्या.

मला धाप लागलेली बघून काकू म्हणाल्या, "पाणी चढत नाही, तर तू कशाला चढत बसलीस? खाली विचार की. त्यांच्या टाक्या भरून वाहतात."

मी जिन्यातच बसले. प्रत्येक इमारतीत घरं दहाच होती. म्हणजे माझं दहावं घर दर वेळी सगळ्यात वरचंच.

तीनला दहा मिनिटं कमी होती. मॅडमचा फोन दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा लावताना ठरवलं होतं, चूक सरळ सांगून टाकायची.

फोन उचलला गेला. मी तोंड उघडायच्या आत मॅडमनी विचारलं, "अगं, ही दहावी घरं सगळी कितव्या मजल्यावर आहेत?"