नवसाची तांबडी कोंबडी

च्या प्या, पर मधी बोलू नगा. कापायच्याच कोंबडीला जगवायला मी कसा राबलो, ते सांगतो.

लढाई चालू हुती. थोरला भाऊ पलटणीत, चार म्हैनं त्येचं पत्र न्हाई. आईनं बिरोबाला नवस बोललेला, पोरगा हातीपायी धड परत आला की ही तांबडी कोंबडी तुला. आन एक दिस माजा झुंजीचा कोंबडा सोडून तिच्यावरच मुंगूस पडलं. मी हाकललं, पर तवर पाय मोडला, कोंबडीनं मान टाकली.

आईनं तिथंच बसकण मारली. "आता माजं पोरगं कसलं येतंय!"

म्या म्हनलो, "आगं, पाय कोंबडीचा मोडलाय, दादाचा न्हवं."

थोबाडीत बसली.

मग हळद भरली, जोंधळ्याच्या चिपाडानं पाय बांधला, चोच उघडून थेंब थेंब पाणी पाजलं. कोंबडी खाईना, तर आईबी भाकरीला शिवंना. "कणी खाल्ली का रं?" मी खोटंच "व्हय" म्हनायचो. पाचव्या दिशी तिनं खरंच खाल्ली.

लढाई संपली, दादा आला. आईनं तोंड बघायच्या आधी त्येचं पाय चाचपलं. मग कोंबडी घिऊन देवळात गेलो, तर पुजारी म्हनला, "लंगडं जनावर देवाला चालत न्हाई."

दादा हसला. "पलटणीतबी लंगड्याला घरीच धाडत्यात. सोड तिला, आये."

"आन देवाला काय दिऊ?"

दोघंबी माज्याकडं बघाया लागलं. माज्या झुंजीच्या कोंबड्याचं दोन्ही पाय लय धडधाकट हुतं.