कार्डातले सगळे श्री.

आमच्याकडे निखिलला लग्नाच्या कार्डाला हात लावू देत नाहीत. का, ते ऐका.

निखिल माझा चुलतभाऊ, प्रोग्रामर. कार्डाचा मजकूरसुद्धा कोडच्या एडिटरमध्येच लिहितो. तिथे एका शब्दाच्या जागी दुसरा घालायचा तर तो कुठल्या ओळींत बदलायचा ते आधी सांगावं लागतं; तेवढ्या ओळींत तो शब्द जिथे जिथे असेल तिथे बदलतो. चौथीपासून सहावीपर्यंत म्हणा, नाहीतर अख्खी फाइल म्हणा.

ताईच्या लग्नाचं कार्ड तयार झालं, आणि बघतो तर आजोबांच्या नावाआधी श्री. पडलेलं. आजोबा गेल्या वर्षीच गेले. काका म्हणाले, "तिथे कै. कर."

"कुठून कुठपर्यंत?" निखिलने विचारलं.

"अरे यार, ऊपर से नीचे तक कर. नाव दोनदा आलंय, एखादं राहायला नको."

निखिलने एडिटरला अख्खी फाइल सांगितली. काकांनी घरच्याच प्रिंटरवर दोन प्रती काढल्या आणि एक घेऊन तडक चिंतामण गणेशाला गेले. आमच्या उज्जैनमध्ये लग्नाचं पहिलं आमंत्रण त्याला.

दुसरी प्रत काकूंनी वाचायला घेतली. आजोबा, बाबा, आत्याचे यजमान, स्वतः निमंत्रक काका, सगळे कैलासवासी. बायका मात्र एकजात सौ. वरच्या 'श्री गणेशाय नमः'मधल्या श्रीपुढे टिंब नव्हतं, म्हणून गणपती तेवढा वाचला.

तेवढ्यात काका आले. चपला काढता काढता म्हणाले, "देवाला कार्ड ठेवून आलो. जरा चहा टाक."

काकूंनी कार्डावरून नजर हटवली नाही.

"अहो, देवाला कळवून आलात ना? मग आता चहा कोणासाठी टाकू?"