बाबामियाँचा विम्याचा फॉर्म

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे जनरल मॅनेजर चंद्रशेखर साहेब, सत्कारमूर्ती बाबामियाँ, रत्नागिरीहून आलेल्या गुलबानूभाभी आणि इथे आखातात गाला वर्कशॉपमध्ये राबणाऱ्या माझ्या बंधूंनो,

एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस उद्या घरी चाललाय आणि त्याच्याविषयी चार शब्द बोलायला तुम्ही नेमकं मला उभं केलंत. मी ऑफिसातला, कागद भरणारा. बोलायची हौस मात्र दांडगी. गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळात मी तासभर ठोकलं होतं, की भारतासारख्या देशात दवाखाने एकट्या सरकारच्या पैशावर कुठवर चालणार, विमा शेवटच्या माणसापर्यंत पोचला पाहिजे. टाळ्या तुम्हीच वाजवल्यात ना?

तो शेवटचा माणूस इथे बसलाय. गळ्यात हार, उजव्या पायात चप्पल, डाव्याला बँडेज.

कंपनीने सगळ्यांचा आरोग्य विमा काढला. फॉर्म इंग्रजीत, म्हणून चाळीस जणांचे चाळीसही मीच भरले. बाबामियाँ दारात येऊन म्हणाले, "साहेब, मला शुगर हाय, तेवढं लिवा." मी म्हटलं, "यल्ला, चला, सही करा, खलास." आजार लिहिले की हप्ता वाढतो, आणि हप्ता कमी बसवला की आपली पाठ थोपटली जाते. चंद्रशेखर साहेब, तुम्ही मला तसं सांगितलं नव्हतं, हेही कबूल करतो. मी सरसकट 'आजार नाही'वर खूण करत गेलो.

पुढे यांचा पाय चिघळला. विमा कंपनीने कळवलं, आजार लपवलाय, खर्च मिळणार नाही. बाबामियाँ चार महिने नुसतं मलम लावत राहिले. दोन बोटं गेली. तुम्ही वर्गणी काढलीत, त्यात मी सगळ्यांत पुढे. सांगायला लाज वाटते, तेव्हाही कौतुक माझंच झालं.

तेव्हा गावाहून धावत आलेल्या भाभींनी हॉस्पिटलात माझ्यादेखत यांना विचारलं, "खोटं कशाला लिवलात?" यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. यांच्या व्हिसाचे कागदही माझ्याच टेबलावर होते, माझं नाव घेणार कसं? आणि मी काय केलं? चहा आणतो म्हणून बाहेर सटकलो.

ती खूण माझी, असं आज सकाळी विमा कंपनीला लिहून दिलंय. इन्शाल्ला, काही उपयोग होईल. माझ्या नोकरीचं काय ते साहेब ठरवतील.

आयोजकांचे आभार मानतो. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. बाबामियाँकडे मात्र मी ते मागत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. भाभी, तुमच्या माणसाने काहीही लपवलं नव्हतं. त्यांनी मला सांगितलं होतं.