तंबूतल्या दोघी

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक वडील आणि त्यांची शाळकरी मुलगी बसली होती.

"काल शिबिराची बॅग भरत होतीस आणि आज एकदम पोटदुखी? कुठे दुखतंय?"

"सगळीकडे."

"अगं, एवढंसं तर पोट!"

"बाबा, तंबूत सोबत हव्यात त्या दोघींची नावं फॉर्मवर लिहायची होती."

"मग? तुझ्या मैत्रिणीने तुझं लिहिलं असेलच."

"नाही लिहिलं."

"तुला काय माहीत?"

"मॉनिटर मी आहे. फॉर्म मीच गोळा केले."

"अस्सं. तू कोणाची लिहिलीस?"

"दोन्हीकडे तिचंच."

"मग आता बदल की."

"नको."

"म्हणजे जायचंय की नाही?"

"मलाच कळत नाहीये."

"चल, नंबर आला. डॉक्टरांना काय सांगू?"

"पोटच सांग."