माल उचलायचं यंत्र

—नाही नाही, ते बिल ठेवा बाजूला मॅडम, बिलावर काय वाट्टेल ते लिहितात, फोटो दाखवा. मोठा करा जरा. हां. बिजागऱ्या दोन, कुलूप एक, मोटर — एवढीशीच आहे —, रिमोट, वायर, स्क्रूची पुडी. आणि कस्टमवाले म्हणतात ह्या सगळ्याचं मिळून नाव कुलूप. आणि तुम्ही म्हणता कुलूप नाही, रिमोटने दार उघडायचं यंत्र. बरोबर ना? बसा ना, उभ्या का? पंखा आवाज करतो, लक्ष देऊ नका. एकतीस वर्षं मी हेच करतोय, अंधेरीत, ह्याच गाळ्यात — विमानाने आलेला माल सोडवायचा. सगळा खेळ नावाचा आहे हो, जसं नाव तशी कस्टम ड्यूटी. लोखंडाला एक नाव, कापडाला दुसरं, मोटरला तिसरं. पण एकाच डब्यात सगळी खिचडी आली तर? तर सगळ्याला मिळून एकच नाव द्यायचं. कुठलं? ज्या वस्तूमुळे त्या डब्याला अर्थ आहे, तिचं. ती काढली की बाकीचं सुटं सामान. आता ती वस्तू कुठली, ह्यावर भांडण! आणि भांडायला ह्या आख्ख्या मजल्यावर माणूस एकच — हा गुणाजी मास्तर. मास्तर म्हणजे शिक्षक नाही हो, इथल्या लोकांनी पाडलेलं नाव. कस्टमचे साहेबसुद्धा म्हणतात, मास्तरला विचारा. तुम्हाला पाठवलं तेही त्यासाठीच ना? लढू आपण. झकास उत्तर लिहितो, नाही ऐकलं तर दुसरं, मग सुनावणी मागू. महिना जाईल, फार तर दीड, पण नाव आपलंच —

कोणासाठी म्हणालात? वडिलांसाठी? दुकानाचं नाही हे? त्यांना कडी उघडता येत नाही... हात थरथरतात. म्हणजे तुम्ही कामाला गेलात की ते आतच. आधी का नाही बोललात? नाही, रागावत नाही हो. रागावलो नाही. पाणी घ्या. मीच घेतो थोडं.

अशीच एक पेटी होती. गेल्या वर्षीची. माझीच — म्हणजे आमच्या घरची. आमची मुलगी दर्शना, कतारला नर्स आहे, तिने पाठवलेली. राधाला — मिसेसला — अर्धांगवायू झाला, उजवी बाजू पूर्ण गेली. वाकोल्याला तिसरा मजला आमचा. तिला बिछान्यावरून खुर्चीत ठेवायचं म्हणजे दोन माणसं लागायची. सकाळ-संध्याकाळ शेजारचा राजेश यायचा, चांगला माणूस, कधी नाही म्हणाला नाही. पण परका पुरुष तो. तो आत आला की राधा डोळे मिटून घ्यायची. खुर्चीत टेकली, तो बाहेर गेला, दार लागलं, की मग उघडायची. मला कधी काही बोलली नाही, दर्शनाला फोनवर बोलली असेल. म्हणून तिने ते पाठवलं — छताला लावायच्या पट्ट्या, ब्रॅकेट, बोल्ट, मोटर, रिमोट आणि कापडाची झोळी. झोळीत माणूस बसवायचा, बटण दाबायचं, अलगद उचललं जातं. एकटा माणूस करू शकतो. एकटा मी.

कस्टमच्या साहेबांनी क्वेरी टाकली, शंका काढून पेटी अडवली. म्हणाले, मास्तर, हे तर उचलायचं यंत्र, गोदामात माल उचलतात त्या जातीचं, तिथे टाका. माझं डोकंच फिरलं. माल? म्हटलं, साहेब, माझी बायको माल आहे काय? आजारी माणसाचं साधन आहे हे, तेच नाव लागणार. कस्टमच्या सगळ्या खिडकीसमोर, रांगेदेखत बोललो. लोक हसले, कोणीतरी म्हणालं, मास्तर सोडणार नाही आता. नाही सोडलं. उत्तर दिलं, चार पानी. ते परत आलं. दुसरं दिलं. रोज घरी गेलो की राधा विचारायची — पेटी इली मां? मी तिला सगळं समजावायचो, झोळीमुळे मोटरला अर्थ आहे, मोटरमुळे झोळीला नाही, असं कायकाय. ती ऐकून घ्यायची आणि तोंड वाकडं झालेलं, त्यातूनच सावकाश म्हणायची — अवो, लोखंडाचा सामान म्हणान येवंदे. घराक इला काय माका कळतला मां ता कित्याचा ता.

बघा ना. नाव काही का असेना, घरी येऊ दे. दोन वाक्यं.

काय म्हणता? साहेब चुकले? हो, असंच सांगतो मी सगळ्यांना. दर्शनालाही तेच सांगितलं, कस्टमने अडवलं, मी तरी काय करणार. पण... बाराव्या दिवशी मी जुनी फाईल शोधायला बसलो होतो, तिसऱ्या उत्तराला पुरावा हवा म्हणून. ह्याच कपाटात. तर त्यात सापडला एक जुना निकाल, अगदी असल्याच सामानाचा, पट्ट्या, मोटर, झोळी, सगळं तेच. साहेब म्हणत होते तेच नाव. बरोबर होते साहेब. माणूस उचला नाहीतर पोतं उचला, कागदावर ते उचलायचंच यंत्र. मी वाचला तो कागद. दोनदा वाचला. आणि परत फाईलमध्ये ठेवला, फाईल कपाटात ठेवली आणि तिसरं उत्तर लिहिलं. का? आता काय सांगू का ते. मास्तर ना मी! सगळ्या खिडकीसमोर बोललेलो ना! मास्तर चुकला, हे कसं म्हणू? मनात म्हटलं, साहेबांची बदली होणार आहे, नवीन येईल तो ऐकेल. इतके दिवस राहिली तशी राधा अजून पंधरा दिवस राहील.

मग गणपती आले. आमची बिल्डिंग निम्मी कोकणातली, सगळे गावाला. राजेशही गेला, जाताना दोनदा म्हणाला, काका, एकट्याने उचलू नका, वॉचमनला बोलावा. वॉचमन म्हटल्यावर राधाने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मीच गेलो उचलायला. सकाळची वेळ, आंघोळीची. चादरीत धरलं, उचललं पण बरोबर, आणि खुर्ची सरकली. खुर्ची सरकली म्हणतो मी. खुर्ची नाही सरकली. माझे हात सुटले. ह्याच हातांतून पडली ती. लादीवर. आणि म्हणते काय — माका काय्येक लागूक नाय हो. तुमची पाठ बघा आधी.

खुबा मोडला होता.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी मोबाईलवरून चार ओळी पाठवल्या — आपण सांगितलेलं नाव मान्य आहे, माल सोडावा. चारच ओळी हो! दुसऱ्या दिवशी पेटी घरी. एका दिवसात. अडतीस दिवस मी अडवली होती, मी, दुसऱ्या कोणी नाही.

दर्शनाला हे ठाऊक नाही. तुमच्यासमोर कसं बोललो कोण जाणे.

छातीत कफ झाला नंतर, नववा दिवस नाही उजाडला. पण त्याआधी शुद्धीत होती, मी सांगितलं, राधा, पेटी आली गं घरी. तर विचारते — काय म्हणान सोडवल्यात? तेवढ्यातही तेच. मी म्हटलं, आजारी माणसाचं साधन म्हणून. मान्य केलं साहेबांनी, मी म्हणत होतो तेच. खोटं बोललो तिच्याशी. केवढी खूश झाली ती. डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली — बरा झाला. तुमचा म्हणणा खरा झाला.

पेटी आहे अजून, पलंगाखाली. झोळी तेवढी काढली होती बाहेर. मऊ आहे कापड. घडी करून परत ठेवली.

असो. तुम्ही कशाला रडताय मॅडम? पुसा ते, कागद भिजतील. इकडे द्या. मी लिहितो — कुलूप. हो, कुलूपच. साहेब म्हणतात ना कुलूप, मग कुलूप. ड्यूटीतल्या सवलतीचं विसर, वडील घरात कोंडलेले आहेत तुझे. इथे सही कर. इथेही. तारीख टाक. उद्या संध्याकाळपर्यंत डबा तुझ्या हातात. आणि मास्तर लढला का म्हणून कोणी विचारलं तर... काही सांगू नकोस. पेन ठेव तिथेच. जा आता, बाय माझी. जा म्हटलं ना.