आरशासारखा वस्तरा

तासाभरावर लग्न आलेला नवरदेव तोंडाला फेस लावून खुर्चीत बसला होता आणि त्याच्या पाठीमागे न्हाव्याचं नि त्याच्या मुलीचं जुंपलं होतं.

“बाबा, वस्तऱ्यात तोंड दिसतंय, पण केस कापला जात नाहीये.”

“अगं, चकाकी आली की धार आलीच.”

“चमचाही चकाकतो. त्यानं दाढी कराल?”

“चाळीस वर्षं चामड्याच्या पट्ट्यावर घासतोय मी.”

“म्हणून तर म्हणते, आधी माझ्यासारखा धारेच्या दगडावर घासा.”

“तुझा वस्तरा बघू. शी, किती मळकट.”

“मनगटावर फिरवा तरी.”

“फिरवला. काही होत नाही.”

“खाली बघा, बाबा.”

“अरेच्चा! अर्धा हात साफ. कळलंसुद्धा नाही.”

नवरदेवाला हसू आवरेना, फेस नाकात गेला.

“ताई, माझी दाढी तुम्हीच करा.”

“थांबा हो नवरदेव. आधी माझा दुसरा हात. एकच गुळगुळीत बरा दिसत नाही.”