संताच्या दिव्याची तार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ऑलिव्ह सोसायटीचे चेअरमन श्री. क्लिआंथिस, त्यांच्या शेजारी बसलेले आपले पाद्रीबाबा, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातलाय ते सत्कारमूर्ती इग्नातिस, आणि भाषणं संपून भाजलेले सार्डिन मासे कधी येतात याची वाट पाहणाऱ्या माझ्या गावकरी बंधूभगिनींनो,

मला पाचच मिनिटं दिलीत. शाळेतही मी फार दिवस टिकले नव्हते, त्यामुळे थोडक्यात आटपायची सवय आहे म्हणा. पण आज जरा जास्त लागतील. क्लिआंथिस, घड्याळाकडे बघू नकोस. बघितलंस तरी मी थांबणार नाही.

इग्नातिस दुकान बंद करून लेकीकडे समुद्रापलीकडे कावाला शहरात चाललाय. त्याच्या डोळ्यांना आता लाल आणि नारिंगी तार वेगळी दिसत नाही, आणि गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याला ते दिसलं नाही तर काय राहिलं? आधीच्या वक्त्यांनी त्याला नम्र म्हटलं. कोण नम्र? हा? या माणसानं हॉर्नची तार जोडून दिली तरी वर अर्धा तास भाषण ऐकावं लागायचं. ‘या बेटावर दोनच शहाणे, मावशी, आणि दुसरा वारला.’ असं बोलणारा माणूस. तेव्हा खोटं काही बोलायला नको. मी तुम्हाला एक गोष्ट सांगते. तुमच्यातले बरेच जण तेव्हा दुकानाच्या दारात उभे होते, पण दारात उभं राहून दिसतं किती? टॉर्च माझ्या हातात होता.

चार हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. ऑलिव्ह उतरवायचे दिवस. माझा जावई प्रोकोपिस आणि आमच्याकडे वर्षानुवर्षं कामाला येणारा बार्धिल वरच्या बागेत होते. पिकअपच्या बॅटरीला चिमटे लावून विजेची काठी चालवायची आणि फांद्या झोडपायच्या, हे काय तुम्हाला नवीन नाही. काठी चालू असताना डॅशबोर्डखालून धूर निघाला. प्रोकोपिस ओरडत पाण्याकडे धावला. बार्धिलनं तापलेला चिमटा, पाठोपाठ बॅटरीची मुख्य तार नुसत्या हातानं उपटली. त्याचा तळवा भाजला, पण पिकअप वाचली. नाहीतर तिचा कोळसा झाला असता.

आता यावर काय म्हणायला हवं होतं? ‘शाब्बास’ म्हणायला हवं होतं. जावईबापूंनी काय म्हटलं? ‘तूच लाल-काळा उलटा लावलास. उद्यापासून येऊ नकोस.’ खाली बघू नकोस रे प्रोकोपिस, टक्कल दिसतं.

गाव लहान. संध्याकाळपर्यंत कॉफीघरात सगळ्यांना कळलं, की बार्धिलनं गाडी जाळली. बाहेरून आलेला माणूस, भाड्याचं घर, आणि वर्षाची भाकरी याच दोन महिन्यांत मिळवायची. गाडी जाळणाऱ्याला कोण बागेत घेईल? कोणी घेतलं नाही. त्याची बायको माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, ‘आजी, त्यानं लाल लालवरच लावलं होतं.’ एवढंच म्हणाली आणि गेली.

मी घरी तेलातला केक केला. आपल्या संत फानुरिओसचा, हरवलेलं शोधून देणाऱ्या संताचा. केक पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घेऊन आणला, आणि मग प्रोकोपिसला म्हटलं, पिकअप दोरीनं ओढून इग्नातिसकडे घे. संतावर माझा विश्वास आहे, पण वायरिंग त्याला येत असेल असं वाटत नाही.

इग्नातिसनं बॉनेट उघडलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. नुसता वास घेत. गाडीभोवती एक चक्कर, परत वास. मला वाटलं याला सर्दी झालीय. मग म्हणाला, ‘मावशी, टॉर्च धर. आणि तोंड मिट.’ दुसरं कोणी म्हटलं असतं तर टॉर्च डोक्यात घातला असता.

प्रोकोपिस म्हणाला, ‘शोधायचं काय त्यात? बार्धिलनं उलटं लावलं.’

‘उलटं लावलं असतं तर काठीचा स्वतःचा फ्यूज आधी उडाला असता. हा बघ, शाबूत आहे. चिमटे लावले तिथे ठिणगीचा डागसुद्धा नाही. आग आतून आलीय. बाजूला हो, उजेड अडवतोस.’

डॅशबोर्ड खोलला तर आत तारांचा जुडगा वितळून एकमेकांना चिकटलेला. काल रात्रीची भांड्यात राहिलेली मॅकरोनी बघा, तशी. मी म्हटलं, ‘संपलं. यातून कोणती आधी जळली हे देवालाच ठाऊक.’

तो म्हणाला, ‘देवाला कशाला त्रास? तारा स्वतःच सांगतात.’ आणि एकेक तार नखानं सोडवायला बसला. ‘ही बघ. एकाच बाजूनं भाजलीय. ही पण. ही बिचारी शेजारीण. दुसऱ्याच्या घराच्या आगीत हिची भिंत काळी झाली. आपल्याला अशी पाहिजे, जी चारी बाजूंनी, या टोकापासून त्या टोकापर्यंत जळलीय. गुन्हेगार ती.’

मी आयुष्यभर लोकांची भांडणं सोडवली, पण जळालेल्यांमधून जाळणारा असा ओळखता येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यानं आणखी एक केलं. बॅटरीची काढलेली तार आणि बॅटरी यांच्या मध्ये एक बल्ब जोडला. बल्ब भक्कन पेटला. दारातले सगळे खूश झाले. ‘पेटला, पेटला.’

‘मूर्खांनो,’ इग्नातिस म्हणाला, ‘पेटलाय म्हणजे वीज अजून कुठूनतरी लोखंडात पळतेय. हा विझेल तेव्हा टाळ्या वाजवा.’

तो जुडग्यात एकेक तार हलवत जायचा आणि मी टॉर्च धरून त्या बल्बकडे बघत बसायची. बल्ब ढिम्म जळतोय. मग इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्याला जे भोक असतं, तिथे त्यानं एक जाड तार धरून अलगद वर उचलली. बल्ब विझला.

दिवा विझला म्हणून मला एवढा आनंद व्हावा? खोटं कशाला सांगू, मी क्रूसाची खूणही केली.

त्या भोकाला रबर नव्हतं. पत्र्याची कड तारेला महिनोन् महिने चावत होती. आतलं तांबं उघडं पडलं होतं. ‘आणि ही तार कंपनीची नाही,’ इग्नातिस म्हणाला. ‘कुणीतरी मागाहून घातलीय. बॅटरीवरून सरळ, मध्ये फ्यूज नाही. कोण गाढव—’

बोलत बोलत तो तारेचं दुसरं टोक शोधत सीटखाली गेला. मी टॉर्च तिकडे वळवला. तारेचं टोक जाळी विणायच्या मेणाच्या दोऱ्यानं गुंडाळून बांधलं होतं, शेवटी दुहेरी गाठ. अख्ख्या गावात तारेला तशी गाठ एकच माणूस मारतो.

त्याचा हात थांबला.

मला तेव्हा आठवलं. तुम्हालाही आठवत असेल. आगीच्या आदल्या वर्षी फानुरिओसच्या उत्सवात, मिरवणुकीत, आमच्याच पिकअपवर संताची तसबीर होती. तिच्याभोवतीचे दिवे फ्यूज उडून गेले आणि संत अंधारात उभा राहिला. पुढे हिवाळ्यात फळमाशीनं सगळं ऑलिव्ह खाल्लं. गावानं ठरवलं, संत रागावला. मग आगीच्या वर्षी ऑगस्टमध्ये उत्सव कमिटीनं हुकूम काढला की संताच्या दिव्याला फ्यूज घालायचा नाही, म्हणजे तो विझायचा प्रश्नच नाही. कमिटीचे प्रमुख कोण होते ते मी सांगत नाही, ते आज अध्यक्षस्थानी बसलेत. दिवे लावून देणारा इग्नातिस. मिरवणूक झोकात झाली, दिवे उतरवले, तार सीटखाली खोचून राहिली. आणि सगळे विसरले.

त्याच्या एका हातात पक्कड होती. गाठीच्या मागे कचकन कापून टोक खिशात टाकायचं, झालं असतं. दारातली मंडळी माशीच्या औषधावरून वाद घालत होती. बघत होते मी एकटी. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही बातमीच आहे.

त्यानं पक्कड खाली ठेवली. बाहेर आला, ते टोक हातात धरून.

‘प्रोकोपिस, ये इकडे. ही गाठ कुणाची?’

‘तुझी,’ प्रोकोपिस म्हणाला.

‘मग गाडी कुणी जाळली?’

दारातून क्लिआंथिसच म्हणाला, ‘इग्नातिस, फ्यूज नको असं कमिटीनंच सांगितलं होतं.’

‘कमिटीनं सांगितलं. हात माझे होते. रबर न घालता तार भोकातून मी ओढली, आणि उत्सवानंतर काढायला मी आलो नाही. गाडी मी जाळली. आता कॉफीघरात जा आणि जेवढ्या मोठ्यानं बार्धिलचं नाव घेतलंत, तेवढ्याच मोठ्यानं माझं घ्या.’

मंडळी, मी चर्चमध्ये बरेच चमत्कार ऐकलेत. सगळे लांबचे, जुने, दुसऱ्यांनी पाहिलेले. हा मी टॉर्च धरून पाहिला. आपला संत लपलेलं दाखवतो. दाखवल्यावर बोलायचं की नाही, ते तो माणसावर सोडतो.

प्रोकोपिस बार्धिलच्या घरी गेला. मी बरोबर गेले, तो वाटेत परत फिरू नये म्हणून. दारात उभा राहून काय काय पुटपुटला. बार्धिलनं सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘उद्या वरची बाग की खालची?’

इग्नातिसनं पिकअप पुन्हा उभी केली. जळलेली प्रत्येक तार त्याच जाडीच्या नव्या तारेनं बदलली, प्रत्येक जोडाला डाख दिला, भोकाला रबर बसवलं. पैशाचं विचारलं तर शिवी दिली. बार्धिल पट्टी बांधलेल्या हातानं टॉर्च धरायला येऊन बसायचा, मला तेवढीच सुट्टी. पुढे शेतीचं काम नसेल तेव्हा तो दुकानातच दिसायला लागला.

आणि संताच्या दिव्याला तेव्हापासून फ्यूज आहे. म्हणून या ऑगस्टमध्ये, मिरवणूक झऱ्यापाशी वळली तेव्हा, दिवे परत गेले. तुम्ही सगळे होतात. पूर्वी बायका किंचाळल्या असत्या. या वेळी अख्खं गाव मेणबत्त्या घेऊन वाट बघत उभं राहिलं. इग्नातिसनं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही. शेवटी म्हणाला, ‘मला रंग दिसत नाहीत. बार्धिल, तू लाव.’

तेवढ्यात अंधारातून कोण बोललं? आपले अध्यक्ष. ‘सावकाश होऊ दे, बार्धिल. संताला घाई नाही.’

दिवे लागले तेव्हा संताच्या आधी मला बार्धिलचा तळवा दिसला, तो जुना डाग असलेला.

मला बोलायला बोलावलंत त्याबद्दल सोसायटीचे आभार. खुर्च्या ज्यांनी मांडल्या आणि सार्डिन जे भाजतायत त्यांचे जास्त आभार. माझ्या बोलण्यानं कुणाला चटका बसला असेल तर पोटात घाला. या वयात माझ्या जिभेला फ्यूज कोण बसवणार? बसवणारा कावालाला चाललाय.

इग्नातिस, दुकानाची किल्ली बार्धिलला दिलीस ना? मग जा आता.